मानाची सायकल आणि माळावरचा वारा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. राजे होते, नगारे होते आणि सायकलीही होत्या, एवढं धरून चला.

एका राज्यात विणकरांचं गाव होतं. गावातली वीस माणसं रोज सकाळी उघडा माळ ओलांडून राजधानीत, राजाच्या मागांवर कामाला जात. सगळी सायकलवर, एकामागे एक. सर्वांत पुढे रावजी. त्याच्या पणजोबाने गावात पहिली सायकल आणली, म्हणून पुढे जाण्याचा मान त्याच्या घराण्याचा. त्याच्यापुढे कुणी सायकल काढायची नाही आणि तो उतरला की सगळ्यांनी उतरायचं, अशी रीत होती. एरवी त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आषाढ लागला आणि माळावर समोरून वारा सुटला. रावजी भला मोठा फेटा बांधून, छाती काढून ताठ बसायचा. वाऱ्याला आणखी काय हवं! अर्ध्या माळावर रावजीचा दम संपायचा, तो उतरायचा आणि मागची धडधाकट माणसंही मुकाट्याने सायकली ढकलू लागायची. असा दोन दिवस उशीर झाला.

मागांवरचा मुकादम म्हणाला, "उद्या तिसऱ्या नगाऱ्याच्या आत सगळे आला नाहीत, तर तुमचे माग दुसऱ्या गावाला."

माग गेले तर गावात चूल पेटणार नव्हती. संध्याकाळी सगळे पारावर जमले. रावजी म्हणाला, "वाऱ्याला नारळ वाहू. त्याची समजूत काढू."

हौसा नावाची विणकरीण ताडकन उठली. "वारा काय आपला जावई लागून गेलाय, समजूत काढायला?"

तिचं कुणी ऐकलं नाही. सकाळी नारळ फुटला आणि वारा दुप्पट जोराने आला. अर्ध्या माळावर रावजी उतरला. अठराजण उतरले. हौसा उतरली नाही.

"रावजीकाका, सरका बाजूला!"

"हौसे, पणजोबापासूनचा मान मोडतेस?"

"मोडते! मान घरी खुंटीला टांगा. मला माझा माग पाहिजे. या रं सगळे, चाकाला चाक लावून!"

ती हँडलवर वाकली आणि वाऱ्यात घुसली. एकेक करत सगळे तिच्या मागे लागले आणि चकित झाले. तिच्या आडोशाला वारा निम्मासुद्धा लागत नव्हता. शंभर पॅडल मारून हौसा दमली आणि बाजूला झाली. "आता दुसऱ्याची बारी!" दुसरा दमला, तिसरा आला.

वारा चवताळला. "रोज मी एकाला दमवायचो आणि वीसजण हरायचे. आज दमवू तरी कुणाकुणाला?"

"दमव की!" हौसा ओरडली. "आम्ही वीस आहोत, तू एकटा!"

रावजी रागारागाने का होईना, शेपटाला येऊन लागला होता. हौसाला चार शब्द सुनवायचे होते, पण आडोसा सोडून पुढे जाणार कोण? हळूहळू त्याची धाप ओसरली, आणि धापेबरोबर रागही.

राजधानीची वेस दिसू लागली, तेव्हा हौसाने हाक दिली, "काका, या पुढं!"

रावजीचा चेहरा उजळला. "मान देतेस?"

"नाही. बारी आलीय तुमची."

त्याने फेटा सोडून मागे कॅरिअरला बांधला, खाली वाकला आणि रांगेच्या पुढे आला. त्याने शंभर पॅडल मारली. एकशेएकाव्याला तो आपणहून बाजूला झाला.

तिसऱ्या नगाऱ्याची टिपरी पडली, तेव्हा विसावी सायकल वेशीच्या आत होती. मुकादमाने मागांच्या खोल्यांची दारं उघडली. त्या गावात पुढची जागा पुन्हा कुणाच्या घराण्याची झाली नाही.

तात्पर्य: समोरच्या वाऱ्याला नारळ देऊ नये आणि पुढे जाण्याचा मान एकट्यालाच देऊ नये, आळीपाळीने छाती द्यावी, म्हणजे अख्खं गाव पोचतं.