सशिणीचं अंथरूण

मुक्या जिवांना एकमेकांची बोली कळत होती, तेव्हाची गोष्ट. सगुणा कुंभारणीनं एक सशीण पाळायला आणली आणि आपल्या शिकारी कुत्र्याला, भुऱ्याला, बजावलं, "हिला जपायचं हं!"

सशीण पडवीतल्या गवतात अंग चोरून बसे. भुऱ्या जवळ गेला की थरथरे. म्हणून तो लांब, पाठ फिरवून बसू लागला.

एका संध्याकाळी ती स्वतःच्याच छातीचे केस उपटताना दिसली.

"अगं, दुखत नाही का?" भुऱ्या कळवळला.

"थोडं दुखतं. पण थंडी फार पडलीय."

सकाळी पडवीभर पांढरी लव पाहून सगुणानं काठी उगारली. "मेल्या, शेवटी दात लावलासच!"

भुऱ्या मान खाली घालून उभा राहिला. तोच सशीण टुणकन बाहेर आली आणि त्याच्या पायांशी जाऊन बसली.

सगुणाच्या हातातली काठी तिथंच गळून पडली. तिनं गवत बाजूला सारलं. उबदार लवेत बोटाएवढी, मिटल्या डोळ्यांची पिल्लं वळवळत होती.

"भुऱ्यादादा, जरा यांच्यापाशी बस," सशीण म्हणाली. "मी चार काड्या खाऊन येते."

भुऱ्या पिल्लांशेजारी बसला. त्यानं श्वाससुद्धा हळूच घेतला.