तंतुपेशीचं काम

“आणि कंडरेत?”

“नुसत्या तंतुपेशी. स्नायू हाडाला बांधणाऱ्या धाग्यांच्या मध्ये, रांगेत चेपून बसलेल्या.” हेरंब हसला. “बाई, अजून तोंडी परीक्षाच घेताय?”

नाडकर्णीबाईंनी सारी नोकरी मिरजेच्या एका कॉलेजात शरीररचना शिकवण्यात घालवली. हेरंब दातार त्यांचा लाडका विद्यार्थी. आता मोठा संशोधक झाला होता. पेढे घेऊन आला होता. पाया पडायला वाकायचं मात्र राहून गेलं.

“मेदात?”

“मेदपेशी. कूर्चेत कूर्चापेशी. हाडात अस्थिपेशी, आपणच बांधलेल्या भिंतीत कोंडलेल्या.”

“व्रणात?”

“तिथे तर माझं राज्य!” तो खुर्चीत पुढे सरकला. “तिथेही तंतुपेशीच. तुम्ही शिकवायचात, तंतुपेशी जखम भरते. अर्धंच खरं, बाई. भरते आणि मग ओढत राहते. कातडी आखडते, बोटं वाकतात. हे पुस्तकं घोकून कळत नाही. बघावं लागतं.”

“असेल...”

त्यानं पेढा पुढे केला. बाईंनी डावा हात पसरला.

“डाव्या हातानं?”

बाईंनी पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. बोटं तळव्यात रुतली होती.

हेरंबनं तो हात उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्यानं दाबला. त्याचे डोळे चमकले. “वा! सुरेख नमुना आहे. भाजलंय ना? कशानं?”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

हा पहिल्या वर्षाला असताना स्पिरिटच्या दिव्यावर याची बाही पेटली होती. हा किंचाळत होता आणि त्यांनी ती बाही मुठीत चुरगाळून धरली होती, विझेपर्यंत. याच्या दंडाला फोडसुद्धा आला नाही. दुसऱ्या दिवशी नवा शर्ट गेला म्हणून कुरकुरत वर्गात आला. बाईंच्या त्या हाताला पुन्हा कधी सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवता आला नाही.

कधीतरी हा विचारेल, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. आज त्यानं विचारलं होतं...

“जाऊ दे, एवढं जुनं कुठे आठवणार तुम्हाला!” हेरंबनं मोबाइल काढला. “दिल्लीच्या भाषणात दाखवतो. हात जरा असाच धरा... फोटोखाली नाव कुणाचं घालू, बाई?”

बाईंनी हात उजेडात धरला.

“तुझं घाल.”