हंगामी दिवाणाचा ‘हं’

दिवाण भिकाजीपंत भर दरबारात रुसले, मेण्यात बसले आणि थेट काशीला निघून गेले! कारण काय, तर महाराजांनी त्यांच्या नव्या पगडीला भोपळा म्हटलं.

सोनगिरीत एकच गोंधळ उडाला. नवा दिवाण मिळेपर्यंत कारभार बघायचा कुणी? एक सरदार पुढे सरसावला की बाकीचे त्याचा पाय ओढायचे. जैतपाळ महाराज वैतागले.

“बस्स! तुमच्यातला एकही नको! दिवाणजींच्या जवळ सदा कोण असायचं?”

सगळ्यांनी मागे पाहिलं. तिथे सटवाजी पंखेवाला वारा घालत उभा होता, रिकाम्या गादीला!

“तूच हंगामी दिवाण!”

“महाराज, गादी रिकामी झालेली मला अजून कळली नव्हती. माझ्या हाती राज्य देता?”

“गप्प! कारभार बिघडला, तर तुझी नोकरी गेली नि घरही गेलं. आणि सुधारला, तर तू राज्याबाहेर! लोक म्हणतील, महाराजांनी इतकी वर्षं बिनकामाचा दिवाण पोसला.”

इकडे आड, तिकडे विहीर! सटवाजी घाबरून घरी आला. बायको सगुणा म्हणाली, “बिघडवणं तुम्हाला सहज जमेल हो. सुधारण्याची धास्ती नको!”

“तीच तर पंचाईत आहे, बाई! कारभार आहे तसाच ठेवायचा, तर दिवाणजी तो करायचे कसा, तेच मला ठाऊक नाही. मला दिसायची त्यांची पाठ, नि ऐकू यायचा नुसता ‘हं’.” बोलता बोलता तो थबकला. “अरेच्चा! ‘हं’ तर मलाही येतो!”

दुसऱ्या दिवशी तो गादीवर बसला. कोतवाल आला. “नाक्यावर तांडा अडलाय. सोडू?”

“हं.”

तांडा सुटला. मग पागेचा अधिकारी आला. “घोड्यांचे हरभरे संपले. रयतेकडून फुकट उचलू?”

नेमका सटवाजीला पानाचा ठसका लागला. “हंऽऽऽ?”

अधिकाऱ्याला घाम फुटला. “नाही, नाही! रोख मोजून आणतो, दिवाणजी!”

सटवाजी मनात म्हणाला, ‘वा रे ठसक्या! माझ्यापेक्षा तुलाच अक्कल जास्त!’

महिनाभर असंच चाललं. नवा दिवाण आला, आणि महाराजांनी सटवाजीला भर दरबारात उभं केलं.

“बोल! कारभार बिघडला की सुधारला?”

“आहे तसाच राहिला, महाराज. कोतवाल तोच, पागा तीच, नि गादीवर ‘हं’सुद्धा तोच!”

“म्हणजे भिकाजीपंतही न समजताच ‘हं’ म्हणायचे?”

सटवाजीने हात जोडले.

“ते मी कसं सांगू? मला त्यांची पाठच दिसायची. पाठ मात्र फार विद्वान होती! माझ्यापुरतं सांगतो, मला ओ की ठो कळलं नाही.”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. “मग या नव्याला परत धाडतो. तूच कायमचा दिवाण हो!”

“नको, महाराज! हंगामी आहे तोवर आपल्याला काही कळत नाही हे ध्यानात राहतं. कायमचा झालो, तर सगळं कळतं असं वाटायला लागेल. मग राज्याचं काय होणार?”

महाराज पोट धरधरून हसले. पगडी खाली पडली, तरी हसतच राहिले!

“घे हे सोन्याचं कडं! राहतं घर तुझं, शेजारची आमराईही तुझी, नि पंखाही तुझाच. कबूल?”

“हं!” सटवाजी म्हणाला.

एवढा एक ‘हं’ मात्र त्याने पुरता समजून म्हटला.