गळ्यातली पाटी

एकदा एक शिकवणारी शिकायला निघाली. शिकवणाऱ्याने पुन्हा शिकायला निघावे ही शुभच गोष्ट. मात्र तिथे जाऊन काय ऐकावे लागेल, ते आधी कुणी सांगत नाही.

ती आली आमच्या शेजारच्या सरांकडे. सर म्हणजे जन्मभर इंग्रजी शिकवलेले वृद्ध गृहस्थ. निवृत्त झाल्यावर इंग्रजीचे शिक्षकच त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. त्यांच्या आणि आमच्या ओसरीत कमरेएवढी एक भिंत आहे. तिकडे कोण आलं, कोण गेलं ते मला कळतं. कळावं म्हणूनच मी भाजी निवडायला त्या बाजूला बसते, तेही खोटं नाही.

बाई तरुण, नीटनेटक्या. सीमेवरच्या एका खेड्यात शिकवायच्या. त्या गावात पोरांच्या घरी कन्नड, शाळेत मराठी आणि वर इंग्रजी. म्हणजे इंग्रजीपर्यंत पोचेस्तोवर पोराला दोन उंबरे ओलांडावे लागतात. बाईंच्या पिशवीत रंगीत चित्रांची कार्डं होती, प्लास्टिकच्या वेष्टणात घातलेली प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं होती. सरांनी ती एकेक पाहिली, नीट रचून परत दिली.

"सगळी प्रशिक्षणं केलीत की," सर म्हणाले. "आता माझ्याकडं काय राहिलं?"

"सर, एक मुलगी आहे. महादेवी तिचं नाव. माझ्या वर्गातली सर्वांत हुशार. इंग्रजीत धडाधड बोलायची. आणि आता तोंडच उघडत नाही. इंग्रजीत नाही, मराठीत नाही. घरीसुद्धा खुणा करते म्हणे."

"कधीपासून?"

"मध्यंतरी आजारी होती. अपेंडिक्स पोटात फुटलं. सोलापूरला नेलं, ऑपरेशन झालं, वाचली. परत आली ती अशी. तिचे वडील म्हणतात, बोलत नसेल तर शाळेत बसवून काय उपयोग, मामाच्या गावाला धाडतो, शेळ्या राखेल. सर, त्या पोरीची शाळा सुटायला नको. तिला बोलतं करायची काही युक्ती, एखादा खेळ, काहीही सांगा."

सर म्हणाले, "तुमचा वर्ग कसा चालतो ते सांगा."

इथे बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवीतून एक लाकडी पाटी काढली. तळहाताहून थोडी मोठी, वर भोक पाडून सुतळी ओवलेली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, 'मी नियम मोडला'. प्रशिक्षणात एका तज्ज्ञांनी सांगितलं होतं की वर्गात इंग्रजीखेरीज अक्षर ऐकू येता कामा नये. त्यावरून बाईंनी स्वतः शोधलेली ही रीत. जो दुसऱ्या भाषेत बोलेल त्याच्या गळ्यात पाटी. ती उतरवायची एकच वाट: दुसऱ्या कुणाला बोलताना पकडायचं आणि त्याच्या गळ्यात घालायची.

"मग मला लक्षसुद्धा ठेवावं लागत नाही," बाई म्हणाल्या. "पोरंच एकमेकांवर लक्ष ठेवतात. अधिकारी येऊन बघून गेले. पुढच्या महिन्यात सगळ्या तालुक्याचे शिक्षक माझा पाठ बघायला येणार आहेत."

सरांनी पाटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "ही महादेवीच्या गळ्यात कधी आली होती?"

"कधीच नाही. म्हणजे एकदाच. ज्या दिवशी ती आजारी पडली त्याच दिवशी. शेजारच्या मुलीशी कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली म्हणे. मलाही नवल वाटलं, ही कशी चुकली."

"काय पुटपुटली?"

"ते नाही विचारलं. नियम म्हणजे नियम."

"मग पाटी कुणाच्या गळ्यात गेली?"

"कुणाच्याच नाही. तिनं कुणाला पकडलंच नाही. शाळा सुटेपर्यंत गप्प बसून होती."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. सरांनी दिनदर्शिकेच्या खिळ्याला ती पाटी अडकवली आणि म्हणाले, "बाई, तुमची बस संध्याकाळची. तोवर या घरात तुम्ही फक्त इंग्रजी बोलायचं. काय हवं-नको ते इंग्रजीत. चुकलात तर ही पाटी आहेच. चालेल?"

बाई हसल्या. "मला काय अवघड आहे, सर?"

आणि खरंच, बोलत होत्या छान. मी भिंतीवरून गरम धपाटे दिले तेव्हा माझ्याशीही इंग्रजीत बोलल्या. मी म्हटलं, "अहो, ठेचा देऊ का सांगा, तुमच्या त्या भाषेत ठेचा असला तर." त्यांनी बोटानं दाखवलं. सर म्हणाले, "वहिनी, त्यांना भरीला घालू नका." "मी कशाला घालू," म्हटलं, "मी आपली शेजारीण, मला कुठं परीक्षा द्यायची आहे." आम्ही सगळे हसलो. त्या दिवसातलं ते शेवटचं हसणं.

दुपार कलताना बाईंचा फोन वाजला. त्यांनी उचलला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काय? आई पडली? कशी पडली? शुद्धीवर आहे का?"

एवढंच बोलल्या असतील. सर उठले, खिळ्यावरची पाटी काढली आणि बाईंच्या गळ्यात घातली.

मी भिंतीपलीकडून पाहत होते. बाईंनी आधी पाटीकडे पाहिलं, मग सरांकडे. तोंड उघडलं होतं, पण आवाज येईना. फोनमधून त्यांच्या भावाचा आवाज मला इकडे ऐकू येत होता, "ताई, ऐकतीस ना? ताई? अगं बोल की." बाई नुसत्या उभ्या. ओठ हलायचे, शब्द बाहेर यायचा नाही. इंग्रजी आठवेना आणि मराठी तोंडून निघेना. भावाला वाटलं फोन बंद पडला. त्यानं ठेवून दिला.

सरांनी स्वतःच्या हातांनी पाटी उतरवली. "आता लावा फोन. हव्या त्या भाषेत बोला, हवं तितकं बोला."

बाई बोलल्या. आई न्हाणीघरात घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण शुद्धीवर होती; भाऊ तिला सांगलीला दवाखान्यात घेऊन निघाला होता. बोलणं संपल्यावर बाईंनी फोन खाली ठेवला आणि इतक्या हळू आवाजात बोलल्या की ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"सर, तुम्हाला काळीज आहे का? माझी आई तिकडं पडलीय."

मला राहवलं नाही. मी भिंतीला वळसा घालून तिकडे गेले. "सर, तुम्ही वयानं मोठे म्हणून मी काही बोलत नाही, पण हे बरं नव्हे. दुश्मनाच्या बाबतीतही कुणी असं करत नाही."

"खरं आहे, वहिनी," सर म्हणाले. "कुणीच असं करू नये." त्यांनी बाईंपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसले.

"बाई, फोनवर गप्प का झालात? तुमच्या आईचं दुखणं तुमच्यापुढं होतं. भाऊ हाका मारत होता. मी म्हातारा, माझं काय ऐकायचं? पाटी भिरकावून द्यायची होती."

बाई म्हणाल्या, "सुचलं नाही. गळ्यात पडली आणि वाटलं, मी काहीतरी वाईट केलं."

"तुम्ही जाणत्या आहात. नोकरी करता, माझी शिक्षा तुम्हाला लागू नाही, दार उघडं होतं. तरी एक फळकुट गळ्यात पडलं आणि आईसाठीसुद्धा तोंडून शब्द फुटला नाही." सर थांबले. मग सावकाश म्हणाले, "परकी भाषा ही घराला नव्यानं जोडलेली खोली आहे. लेकरांना तिच्यात अवश्य न्यावं, तिथं उजेड असतो. पण मधलं दार उघडं ठेवावं लागतं. कारण नव्या खोलीत माणूस खेळतो, बसतो, उठतो. दुखायला लागलं की जुन्या खोलीकडंच धावतो. दुखणं आईच्याच भाषेत दुखतं. तुम्ही ते दार बंद केलंत आणि राखणीला वर्गातली पोरं बसवलीत. महादेवी तुमचं सगळं ऐकणारी मुलगी. तिनं दारावर एकदा थाप मारली. तिच्या गळ्यात पाटी पडली. पुन्हा तिनं थाप मारली नाही. पोटात फुटेपर्यंत मारली नाही."

बाईंनी तांब्याला हात लावला नव्हता.

पुष्कळ वेळानं त्या म्हणाल्या, "ती माझ्यासमोरच बसते, सर. पहिल्या बाकावर. मी तिला दोनदा म्हटलं, सरळ बस."

मी तोंडाला पदर लावला. सरांनी मान खाली घातली. म्हणाले, "तिला बोलतं करायची युक्ती माझ्यापाशी नाही. त्या दिवशी ती काय पुटपुटली, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही. तेवढं विचारा."

बाई त्या संध्याकाळी सांगलीच्या बसनं आईकडे गेल्या. पाटी सरांच्या घरीच राहिली.

पुढं बरेच दिवस काही कळलं नाही. सर एरवी कुणाची वाट पाहणारे नव्हेत, पण फाटक वाजलं की मान उचलून बघायचे. आणि एक दिवस बाई आल्या. वाळल्या होत्या. आईचं ऑपरेशन झालं होतं, आता काठी घेऊन चालत होती. ते सांगून झालं, आणि मग मधे कुणी काही न विचारता त्या बोलू लागल्या.

आईला घरी आणून त्या शाळेच्या गावी परतल्या तेव्हा महादेवी तिथे नव्हती. वडिलांनी, सिद्धाप्पांनी, तिला मामाकडे पोचवलं होतं. बाई त्यांच्या दारी गेल्या. सिद्धाप्पा म्हणाले, "बसा बाई, चहा घ्या. तुमच्यावर माझा राग न्हाई. पण माझी पोरगी शाळेत पोट धरून बसली दिवसभर, आनि कुनाला कळलं न्हाई. शेळ्यांमागं असली तर निदान वरडंल तरी. शेळीसुद्धा दुखलं की वरडती."

बाई मामाच्या गावचा पत्ता घेऊन तिकडे गेल्या. गावाबाहेर माळावर पोरगी बाभळीखाली बसली होती. बाईंना पाहून ती उठली आणि सवयीनं ताठ उभी राहिली. सरळ.

"मी तिला बसवलं," बाई म्हणाल्या. "तिच्याजवळ मातीत बसले. शाळेतल्या सेविकेकडून मी चार वाक्यं कन्नड शिकून गेले होते. ती मोडकीतोडकी बोलले. म्हटलं, त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस ते मी विचारलं नाही. आज विचारते. माझं चुकलं."

"मग?" मी विचारलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला थांबवता आलं नाही.

"बराच वेळ काही नाही. शेळ्या चरत लांब गेल्या. मला वाटलं, उठावं आता. तेवढ्यात तिनं माझा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. परकराच्या नाडीवर, जिथं टाके घातले होते तिथं. आणि म्हणाली, 'इल्ली'."

इल्ली म्हणजे इथं. आमच्या भागात एवढं कन्नड सगळ्यांना येतं.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच ती त्या दिवशी म्हणाली होती. शेजारणीला. इल्ली."

महादेवी त्या वर्षी शाळेत परत आली नाही. पुढं आली की नाही, ते मला ठाऊक नाही. आली असती तर बाईंनी कळवलं असतं, असं मला वाटतं. तालुक्याच्या शिक्षकांपुढचा तो पाठ बाईंनी दिला. मात्र त्या दिवशी त्यांच्या वर्गात बराच गोंधळ होता आणि तिन्ही भाषा ऐकू येत होत्या. अधिकारी नाराज होऊन गेले, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

हे सगळं सांगून निघताना त्यांनी खिळ्यावरची पाटी मागितली. सरांनी विचारलं, "आता कशाला?"

"माझ्या टेबलाच्या खणात राहू दे. खडू काढताना हाताला लागेल."

सरांनी पाटी काढून दिली. सुतळी तेवढी सोडवून आपल्याजवळ ठेवून घेतली.

आपण दुसऱ्याला काहीही शिकवायला बसलो, तरी समोरचा मध्येच काय पुटपुटला, तेवढं विचारून पुढं जावं.