अकरा पानांचा उपदेश

"आबा, आजही ती कौसाबाई उपदेशात झोपली! चर्चमध्ये येत जाऊ नका, असं तिला सांगूनच टाकतो."

तरुण पाळक सुमंत साळवे रागाने लाल झाला होता.

बर्नबास आबा चर्चच्या पायरीवर बसून दुखरा गुडघा चोळत होते. चाळीस वर्षं पाळक म्हणून त्यांनी याच मंडळीची सेवा केली होती. सुमंतला बायबल वाचायला शिकवलं तेही त्यांनीच.

"मी टेबलावर हात आपटला, आबा. तर ही दचकून उठली आणि मोठ्यांदा म्हणाली, आमेन! माझं वाक्यही संपलं नव्हतं. सगळी मंडळी फिदीफिदी हसली."

"आमेन तर म्हणाली ना?"

"थट्टा नका करू..."

उपासना संपून अर्धा तास झाला होता. माणसं आपापल्या घरी गेली होती. कौसाबाई तेवढी आत सतरंजीवर आडवी झाली होती. तोंड उघडं, हाताची उशी. सुमंत कुलूप घेऊन ताटकळला होता.

"उपदेश कशावर होता?"

"कष्टाने थकलेल्यांना प्रभू विसावा देतो, त्या वचनावर. तीन दिवस बसून लिहिलाय. अकरा पानं!"

"बघू."

सुमंतचा चेहरा जरा फुलला. त्याने पानं आबांच्या हाती दिली.

आबांनी खिशातला चष्मा काढलाच नाही. ते उठले, भिंतीला धरत धरत आत गेले, कौसाबाईच्या उशाशी बसले आणि त्या पानांनी तिच्या तोंडावरच्या माशा वारू लागले.

"आबा! वाचा तरी..."

"शू."

बाहेर एक कोंबडी दारापर्यंत आली, आत डोकावली आणि परत गेली.

"ही कामाला कुठं जाते रे?" आबांनी हलक्या आवाजात विचारलं.

"...ठाऊक नाही."

"इथं पाळक होऊन तुला किती महिने झाले?"

"आठ."

"वीटभट्टीवर जाते. पहाटे दोनला विटा थापायला बसते. रविवारी नऊ वाजता हातपाय धुते आणि तिथून थेट इथं येते. पायी."

सुमंतने तिच्या हातांकडे पाहिलं. हात स्वच्छ धुतलेले होते, तरी नखांच्या कडांना लाल चिखल राहिलाच होता. दर रविवारी दारात उभं राहून, "सलाम, सलाम" म्हणत, त्याने हेच हात हातात घेतले होते...

आबांचा हात भरून आला. त्यांनी पानं सुमंतपुढे केली.

सुमंतने कुलूप खाली ठेवलं. मांडी घातली. आणि वारा घालू लागला.



"मी हिला हाकलणार होतो, आबा."

"हं."

कौसाबाईने कूस बदलली. झोपेतच डोक्यावरचा पदर सावरला.

सुमंत गडबडला. "उठतेय वाटतं! आबा... उठली की मी तिला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. विचार, मावशी, जेवलात का?"