गुळात अडकलेली परी

हिरव्यागार घाटाच्या वळणावर, मोठ्या करंजाच्या सावलीत, निळ्या दारांचं एक इवलंसं हॉटेल होतं. आई वडे तळायची, आबा चहा उकळायचे आणि त्यांची छोटी तुळसा गिऱ्हाइकांना गार पाणी द्यायची. लाल बस थांबायची, ट्रक थांबायचे. ओळख ना पाळख, तरी सगळे एकाच बाकावर दाटीवाटीने बसायचे आणि चटणीने सूंसूं करत चहा प्यायचे.

मग डोंगरापलीकडे नवा रुंद रस्ता झाला. गाड्या तिकडूनच भुर्रकन जाऊ लागल्या. बाक रिकामे, कढई गार. एके दिवशी आबांनी हलक्या आवाजात सांगितलं, की हॉटेल आज शेवटचं, उद्यापासून शहरात कुठेतरी काम बघायचं. तुळसा डोळे पुसत मागच्या परसात गेली.

तिथे कोथिंबिरीच्या वाफ्याजवळ गुळाचं रिकामं भांडं घासायला ठेवलं होतं. त्यात काहीतरी चमचमत होतं. तुळसाने वाकून पाहिलं, तर बोटाएवढी परी! मोरपंखी झगा, केसांत दवाचे मणी, आणि चंदेरी पंख गुळाला घट्ट चिकटलेले. तुळसाने कोमट पाणी आणलं आणि हळूहळू फुंकर घालत पंख मोकळे केले.

"तुमच्या गुळाचा वासच असा, मला राहवलं नाही," परी लाजून म्हणाली. "आता तू एक इच्छा माग, तुळसा. एकच हं! सूर्य मावळायच्या आत मागायची. मागितलेली परत घ्यायची नाही. आणि कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध इथे ओढून आणायचं नाही."

तुळसा विचारात पडली. वड्यांचा खमंग वास वाऱ्यावर बसून नव्या रस्त्यापर्यंत गेला तर? मग लोक आपणहून येतील! ती हे मागणार, इतक्यात आईची हाक आली.

बऱ्याच दिवसांनी गिऱ्हाईक आलं होतं. ते होते इब्राहीमचाचा. याच घाटातून त्यांनी वर्षानुवर्षं बस चालवली होती. आता म्हातारे झाले होते, काठी टेकत चढण चढून आले होते. आईने सोनेरी वडा पुढे ठेवला. चाचांनी एक घास खाल्ला आणि बशी अलगद बाजूला सारली.

आईचा चेहरा उतरला. तिने विचारलं, बिघडलाय का?

"नाही गं, वडा तोच असणार. माझी जीभ गेली. आजारी पडलो तेव्हापासून कशालाच चव नाही. म्हटलं, इथे तरी येईल."

तुळसा परसात धावली. "परीताई, चाचांची चव परत दे."

"आणि तुमचं हॉटेल?" परीने विचारलं. "दुसरी इच्छा नाही मिळायची."

तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली, "चाचा इतक्या लांबून आलेत. उपाशी कसे जातील?"

परीने पंख झटकले. आत चाचांनी सहज चटणीला बोट लावलं आणि ठसका लागला. मग ते हसले, मग रडले, मग त्यांनी बशी परत ओढली आणि आणखी वडे मागवले.

सूर्य डोंगराला टेकला. परी तुळसाच्या तळहातावर येऊन बसली. "नियम तो नियम," ती म्हणाली. "पण जाताना माझा उजेड कुठे सांडायचा, ते माझं मी ठरवते."

ती वर उडाली, मोठी मोठी होत गेली आणि एका लखलखाटात विरून गेली. तिचा उजेड जुन्या रस्त्यावर झरझर सांडला. नव्या रस्त्याच्या फाट्यापासून निळ्या दारांपर्यंत प्रत्येक झाडाच्या पानापानावर गुलाबी, केशरी, पोपटी ठिपके लुकलुकू लागले. फाट्यावर एक गाडी थबकली आणि हौसेने इकडे वळली. तिच्यामागून दुसरी आली. मग एक अख्खी बस.

आबांनी चहाचं सर्वांत मोठं पातेलं चढवलं आणि आईला सांगितलं, की शहरात जायचं राहू दे. तुळसाने चाचांच्या कानात परीची सगळी गोष्ट सांगितली, आणि ते बाह्या सरसावून बशा वाटू लागले.

बसमधून उतरलेल्या एका चिमुरडीने त्यांचा सदरा ओढला. तिला विचारायचं होतं, झाडांवर एवढे दिवे कुणी लावले? चाचांनी तिला बाकावर उचलून बसवलं आणि तिच्यापुढे वाफाळता वडा ठेवला.

"सांगतो," ते म्हणाले, "पण आधी गरम आहे तोवर खा."