पांढरी चार

एकदा एका ख्रिस्ती मंडळीत एक गायक होता आणि त्याला म्हातारं व्हायचं नव्हतं. तसं ते कुणाला हवं असतं म्हणा! पण आपण निदान कुरकुरत का होईना, म्हातारे होतो. याने मात्र त्याविरुद्ध युद्धच पुकारलं होतं.

त्याचं नाव शांतवन. गोदावरीकाठच्या लहानशा गावातलं दगडी चर्च, पन्नास-साठ घरांची मंडळी, आणि तिच्या गायनाचा पुढारी शांतवन. पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, तिथले लोक पहाटे दफनभूमीत जमतात, आपल्या माणसांच्या कबरी झाडून त्यांवर फुलं ठेवतात. उजाडलं की पहिलं गीत एकाने धरायचं आणि मागून सगळ्यांनी उचलायचं, असा रिवाज. गीत धरण्याचा हा मान चौतीस वर्षं शांतवनचा होता. तो ते पांढरी चारमध्ये धरायचा. पांढरी चार म्हणजे पेटीवरची चांगलीच उंच पट्टी. साधा गळा तिथं दोन ओळींत हात टेकतो. शांतवनचा आवाज मात्र तिथं मजेत फिरायचा आणि लोक माना डोलवत ऐकत राहायचे.

एकसष्टाव्या वर्षी, नाताळच्या उपासनेत, तो आवाज वरच्या सुरावर फाटला. एकदाच फाटला, आणि कुणी काही बोललं नाही. पण ते न बोलणंच त्याला झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून ज्येष्ठमध सुरू झालं, मिरी सुरू झाली, ताक बंद झालं. केसांना कलप लागला. बायको म्हणाली, "अहो, केसांचं भागलं. गळ्याला कुठला कलप लावणार?" यावर तो तिच्याशी दोन दिवस बोलला नाही.

त्यातच बर्णबा आला. वय सव्वीस, एसटीच्या डेपोत मेकॅनिक, नुकताच बदली होऊन आलेला. पहिल्याच रविवारी तो वरच्या सुरावर इतका सहज गेला की पुढच्या बाकांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. त्या क्षणी शांतवनच्या पोटात जे पेटलं, त्याला आपण सभ्य माणसं फार चांगली नावं देतो. शिस्तीची काळजी म्हणतो, मंडळीचं हित म्हणतो. पण तो मत्सर होता, दुसरं काही नाही. शांतवन जळत होता. बर्णबाच्या नखांतलं ग्रीस त्याला दिसायचं, उच्चार खटकायचे. "सलाम, शांतवनभाऊ" एवढं तो अदबीने म्हणाला तरी त्यात टोमणाच ऐकू यायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, घरी एकटा असताना तो बर्णबासारखी तान घेऊन बघायचा.

सण जवळ आला. चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब म्हणाले, "यंदा गीत कुणी धरायचं, ते अमोलिक गुरुजी ठरवतील." गुरुजी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. शांतवनला सूर त्यांनीच शिकवला होता. आता ते सगळ्यात मागच्या बाकावर, काठी गुडघ्यांत धरून, डोळे मिटून बसत.

सणाआधीच्या बुधवारी सराव होता. पेटी शांतवनच्या हाती. बर्णबाची पाळी आली तेव्हा शांतवनने कुणाला न सांगता पट्टी आणखी चढवली, पांढरी पाचला नेली. त्या पोराचा आवाज सगळ्यांसमोर फाटावा, एवढीच त्याची इच्छा होती. बर्णबाच्या मानेच्या शिरा फुगल्या, तोंड लालबुंद झालं, पण आवाज पोचला. शांतवनने भाता सोडून दिला. मागच्या बाकावर गुरुजींनी डोळे उघडले होते.

संध्याकाळी तो गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसला. मग एकदम म्हणाला, "गुरुजी, मला मरणाची भीती नाही. मेल्यावर प्रभूकडे जाणार, हे पक्कं ठाऊक आहे. पण त्याच्या आधी त्या मागच्या बाकावर बसायचं, कुणी काही विचारायचं नाही, नुसती काठी धरायची... त्याची भीती वाटते. आणि तो बर्णबा दिसला की वाटतं, हाच मला तिकडे ढकलतोय."

मागच्या बाकावरच्या माणसालाच आपण हे सांगतोय, हे बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि तो ओशाळला. गुरुजी मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "गीत तूच धर. पेटी मी वाजवीन."

शांतवनला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी तो डेपोवरून मुद्दाम दोनदा गेला.

रविवारी पहाट उजळू लागली. कबरींवर झेंडू आणि मोगरा. गुरुजींना सतरंजीवर बसवून पेटी पुढे ठेवली. शांतवन छाती भरून उभा राहिला. गुरुजींनी भाता मारला, सूर दिला, आणि शांतवनच्या अंगावर काटा आला. ती पांढरी चार नव्हती. काळी एक होती. पार खालची, कुणालाही गाता येईल अशी पट्टी. तो वाकून कुजबुजला, "गुरुजी, पट्टी चुकली." गुरुजींनी नकारार्थी मान हलवली आणि तोच सूर पुन्हा दिला.

चारचौघांत केवढा हा अपमान! आता सगळ्यांना कळणार की म्हाताऱ्याला वरचं झेपत नाही, म्हणून मास्तरने सांभाळून घेतलं. गीत तसंच सोडून निघून जावं असं त्याला वाटलं. पण समोर मंडळी उभी, आणि आईबापांच्या कबरी पायाशी. दात आवळूनच त्याने पहिली ओळ म्हटली.

दुसऱ्या ओळीला समोरून आवाज आला. एक नाही, सगळेच. नेहमी नुसते ओठ हलवणारे शेतकरी मोकळ्या गळ्याने गात होते. लहान मुलं गात होती. पंच्याऐंशीच्या राहेलमावशी, ज्यांचा आवाज शांतवनने आजवर कधी ऐकलाच नव्हता, त्या नवऱ्याच्या कबरीवर हात ठेवून रडत रडत गात होत्या. बर्णबाही त्या गर्दीतच होता, वेगळा ऐकू येत नव्हता. शांतवनचा स्वतःचा आवाजही त्याला वेगळा ऐकू येईना. तिसऱ्या कडव्याला त्याचे डोळे भरून आले आणि राग कुठे गेला ते त्याला कळलंच नाही.

उपासना संपल्यावर गुरुजींचा हात धरून तो त्यांना घरी घेऊन निघाला. वाटेत म्हणाला, "चौतीस वर्षांत हे लोक असे कधीच गायले नाहीत."

"कसे गातील?" गुरुजी थांबले. "आणि तो दोष तुझा नाही, माझा आहे. तू गायनाला आलास तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा होतो. मंडळी तेव्हा काळी एकलाच गायची. तुझा आवाज ऐकला आणि मी घरी जाऊन जेवलो नाही. मग दर आठवड्याला तुझ्यावर पट्टी चढवत गेलो. काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार. तुझा आवाज फाटावा म्हणून. तो फाटला नाही. तुला त्या पट्टीची सवय लागली, आणि मंडळी गप्प झाली. बुधवारी तू त्या पोरावर पट्टी चढवलीस, तेव्हा मला माझाच हात दिसला."

जिच्या जोरावर आपण इतकी वर्षं मिरवलो, ती पट्टी एका मत्सराने चढवलेली होती! शांतवनने विचारलं, "मग मागच्या बाकावर तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटायची. पुढे कळत गेलं. प्रभूची पट्टी आपल्यापैकी कुणाला लागली असती? म्हणून तो खाली आला. गोठ्यात जन्मला, सुताराच्या घरी राबला, आपल्याला जमेल अशा बोलीत बोलला. माझी नजर गेली, दात गेले, पुढचा बाक गेला. दर वेळी वाटायचं, याच्या खाली कुणी नसणार. तर तो आधीच तिथं."

"पण गुरुजी, तो तर ऐन तारुण्यात गेला. म्हातारपण त्याला कुठं ठाऊक?"

गुरुजी हसले. "शेवटच्या दिवशी त्याचा क्रूस दुसऱ्याने उचलला. अंगावरची वस्त्रं दुसऱ्यांनी काढली. तहान लागली तर ओठांना ओलावा दुसऱ्याने लावला. थडगंसुद्धा दुसऱ्याचंच. आपल्या हातांनी काही करता न येणं, याहून म्हातारपण आणखी काय असतं रे? ते सगळं त्याने एका दिवसात भोगलं. आणि आज पहाटे आपण कुठं उभं राहून गायलो? जिथं सगळ्यांचे आवाज थांबतात, तिथं. तिथूनही तो उठला. आता मला कुठल्या पायरीची भीती घालतोस?"

शांतवन परत दफनभूमीत आला तेव्हा बर्णबा सतरंजी झटकत होता. दुसरं टोक शांतवनने धरलं. म्हणाला, "बर्णबा, बुधवारी मी तुझ्यावर पट्टी मुद्दाम चढवली होती. तू फजीत व्हावास म्हणून. मला माफ कर."

"माहीत होतं, भाऊ," बर्णबा म्हणाला. "घसा दोन दिवस दुखत होता. पण ते वरचं कसं लावायचं, ते मला तुमच्याकडूनच शिकायचंय."

दोघांनी मिळून सतरंजीची घडी घातली.

पुढच्या रविवारी शांतवन उपासनेला आला तो कलप न लावता. बर्णबाला त्याने शेजारी बसवलं, पेटी उघडली, काळी एकचा सूर दिला आणि गीत धरण्याआधी मागच्या बाकाकडे बघून विचारलं, "राहेलमावशी, एवढ्या पट्टीत जमेल ना?"